आधी उजेड, मग दगड: बेलापूरच्या एका घरासाठी सविस्तर उत्तर

ठाण्यात पाचपाखाडीला फ्लॅटमध्ये राहणाऱ्या एका दांपत्याने बेलापूरला बंगल्यासाठी प्लॉट घेतला आहे. सुमारे २०० चौरस मीटरच्या या प्लॉटच्या पश्चिमेला रस्ता आहे, उत्तरेला आणि दक्षिणेला शेजाऱ्यांचे दुमजली बंगले आहेत आणि पूर्वेला मागे थोडी मोकळी जागा आहे. त्यांना कोट्याची फरशी, सागवानी दारे-खिडक्या, दर्शनी भिंतीला उघडा जांभा आणि दिवाणखान्याला जमिनीपासून छतापर्यंत काच हवी आहे. हे सगळे एकमेकांना शोभेल का, आपल्याकडच्या पावसात टिकेल का आणि घर अंधारे तर होणार नाही ना, असे बाईंनी विचारले आहे. शेवटी त्यांनी संकोचाने एक ओळ जोडली आहे: सासूबाईंना मधल्या चौकात तुळशी वृंदावन हवे आहे, पण तिथे तुळस जगेल का?

अंधाराचा प्रश्न मी आधी घेतो, कारण बाकीच्या प्रश्नांची उत्तरे त्याच्यातून निघतात. ठाणे आणि नवी मुंबईत गेली सव्वीस वर्षे घरे बांधताना मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली आहे. लोक दगड निवडतात दुकानातल्या पांढऱ्याफेक दिव्यांखाली, घराची छायाचित्रे पाहतात डिसेंबरातल्या स्वच्छ उन्हातली, आणि प्रत्यक्षात वर्षातले चार महिने त्यांना राहावे लागते मळभाखाली. आपल्याकडच्या घराचे साहित्य जुलैतल्या दुपारच्या उजेडावर पारखावे, असे माझे ठाम मत आहे. त्या दिवशी जी खोली प्रसन्न वाटते, ती हिवाळ्यात आपोआपच छान दिसते. उलटे मात्र होत नाही.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. घोडबंदर रस्त्याच्या बाजूला एका घराचा सबंध तळमजला मी काळ्या पॉलिश केलेल्या कडप्प्याने मढवला, फर्निचर गडद शिसवी केले आणि पावसाची झड आत येऊ नये म्हणून चारही बाजूंना चार-चार फुटांचे छज्जे काढले. जानेवारीत ते घर देखणे दिसत होते. जुलैत मी भेटायला गेलो, तेव्हा दुपारचे बारा वाजले होते आणि खाली सगळे दिवे चालू होते. घरातल्या आजी म्हणाल्या, "आमच्याकडे दिवेलागण आता दुपारीच होते." पुढे दिवाणखान्याचा कडप्पा काढून तिथे फिकट फरशी टाकावी लागली आणि त्या कामाची मजुरी मी घेतली नाही.

असे का झाले, ते समजून घेण्यासारखे आहे. स्वच्छ आकाश असते तेव्हा प्रकाशाला दिशा असते. ढगाळ आकाश मात्र स्वतःच एक मोठा मंद दिवा होते, आणि त्यातही डोक्यावरचे आकाश क्षितिजाजवळच्या आकाशापेक्षा साधारण तिप्पट उजळ असते. म्हणजे पावसाळ्यात उजेड मुख्यतः वरून येतो. आपण मात्र पावसासाठी खोल छज्जे आणि पडव्या काढून नेमके तेच वरचे आकाश खिडकीपासून झाकून टाकतो. पाऊस अडवायचा तर उजेड अडतो, उजेड घ्यायचा तर झड आत येते. किनारपट्टीवरच्या घराची खरी अडचण ही आहे. कोकणातल्या जुन्या घरांनी यावर कौलांत मधूनमधून काचेचे कौल बसवण्याचा उपाय काढला होता. माजघरातल्या जमिनीवर पडणारा तो कवडसा ज्याने लहानपणी पाहिला आहे, त्याला उजेडाची वाट वरून असते हे निराळे सांगावे लागत नाही.

आता आपला प्लॉट पाहू. तो सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर असतो, मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी ७१ अंशांवर चढतो, आणि मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तर माध्यान्हीला डोक्यावरून किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असला तर विषुवदिनी दुपारी त्याची सावली जवळजवळ सहा फूट खाली उतरते, म्हणजे खिडकी पूर्ण झाकली जाते. डिसेंबरात ती सव्वादोन फुटांच्या आतच थांबते आणि खालून हवेहवेसे ऊन आत येते. अर्थात हे सुख आपल्याला पहिल्या मजल्यावरच मिळेल, कारण तळमजल्यावर दक्षिणेचे आकाश शेजारच्या बंगल्याने अडवले आहे.

पश्चिमेला असे गणित चालत नाही. मावळतीचा सूर्य खाली असतो, जूनमध्ये तो पश्चिमेच्या सुमारे २५ अंश उत्तरेकडे आणि डिसेंबरात तितकाच दक्षिणेकडे मावळतो, म्हणून आडवा छज्जा कितीही लांब काढला तरी चारनंतरचे ऊन त्याच्याखालून आत शिरतेच. शिवाय पावसाचा मारा नैऋत्येकडून येतो. त्यामुळे जमिनीपासून छतापर्यंतची काच पश्चिमेच्या दर्शनी बाजूला लावू नये, असे मी स्पष्टच सांगतो. एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळी सहा वाजता त्या खोलीत बसवणार नाही, मग पडदे ओढले जातील आणि महागडी काच पडद्याआड राहील. त्या बाजूला सहा-सात फूट खोल पडवी द्यावी, तिचा पुढचा काठ खाली उतरता ठेवावा, आणि मोठी काच मागे पूर्वेकडे किंवा चौकाकडे न्यावी. पूर्वेचे ऊन सकाळी कोवळे असते आणि दहा-साडेदहापर्यंत वर चढून निघून जाते.

पश्चिमेला पडवी, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती: तेव्हा घराच्या पोटात उजेड आणण्याची जबाबदारी चौकावर येते. चौक म्हणजे वाया गेलेली जागा, असे आपल्याला कुणी ना कुणी सांगेलच, कारण बेलापूरच्या जमिनीचा भाव सगळ्यांना पाठ आहे. पण फार लांब जायला नको. बेलापूरमधलेच आर्टिस्ट्स व्हिलेज पाहून या. १९८०च्या दशकात वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी आखलेल्या त्या वसाहतीत प्लॉट अवघे ४५ ते ७५ चौरस मीटरचे होते, तरी एकाही घराची भिंत शेजाऱ्याशी समाईक नव्हती आणि प्रत्येक घराला स्वतःचे उघडे अंगण होते. आज तिथली बरीच घरे पाडून मोठी बांधलेली आहेत आणि काही अंगणांवर पत्रे आले आहेत. जे अंगण उघडे राहिले आहे आणि ज्याच्यावर पत्रा आला आहे, अशा दोन घरांसमोर ढगाळ दिवशी पाच-पाच मिनिटे उभे राहा. मला जे सांगायला चार पाने लागतील ते तिथे चटकन दिसेल.

खिडक्यांबाबत एकच सांगतो. राष्ट्रीय बांधकाम संहिता उष्ण व दमट हवामानात खोलीच्या जमिनीच्या एक षष्ठांश इतके उघडे क्षेत्र सांगते, पण ते कुठे आहे यावर सगळे अवलंबून असते. उजेड खोलीत साधारणपणे खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या दुप्पट ते अडीचपट आत पोचतो. सात फुटांवर लिंटल घेण्याची सवय सोडून खिडकी थेट बीमखाली नेली आणि वरचा फूट-सव्वा फूट झडपेसाठी ठेवला, तर त्याच खिडकीतून उजेड दोन-तीन फूट अधिक आत जातो. खिडकी रुंद करण्यापेक्षा उंच करणे केव्हाही फायद्याचे.

साहित्याकडे येताना हे ध्यानात ठेवावे की प्रत्येक पृष्ठभाग एकतर उजेड पुढे पाठवतो, नाहीतर गिळतो. पांढऱ्या चुन्याची भिंत अंगावर पडलेल्या उजेडापैकी सुमारे ८० टक्के परत फेकते. काळा पॉलिश कडप्पा १० टक्केही नाही. म्हणून पडवीची जमीन हा माझ्या दृष्टीने घरातला सर्वांत महत्त्वाचा दगड आहे. ती पिवळसर जैसलमेरची किंवा फिकट तांदूरची असेल, तर बाहेरचा उजेड तिच्यावरून उसळून पडवीच्या पांढऱ्या छतावर जातो आणि तिथून खोलीत उतरतो; ती काळी असेल तर उजेड उंबऱ्याबाहेरच संपतो. शेजाऱ्याची भिंतही अशीच आपल्या घरात येते. नेरूळला एका घरात शयनगृहाच्या भिंतींना आम्ही सुंदर पांढरा चुना दिला होता, आणि वर्षभरात शेजारच्यांनी आपली भिंत पोपटी रंगवली. दोन मीटरवरच्या त्या भिंतीवरून येणाऱ्या उजेडाने आमची पांढरी खोली फिकट हिरवी दिसू लागली. शेजाऱ्यांना रंग बदलायला सांगता येत नाही. आम्ही मध्ये बांबूची दाट रांग लावली आणि आपल्या कुंपणाची भिंत आतून पांढरी केली, तेव्हा कुठे निभावले.

कोटा आपण निवडला आहे, त्याला माझी पूर्ण संमती आहे. राजस्थानातून येणारा हा चुनखडीचा दगड घट्ट आहे, पायाला गार लागतो, आणि त्याचा करडा-हिरवा रंग मळभात जैतुनी आणि शांत दिसतो, मेलेला वाटत नाही. त्याची खरी शत्रू आहेत आंबट द्रव्ये. कोकमाचे आगळ, लिंबू, चिंचेचे पाणी, संडास साफ करायचे आम्ल यांपैकी काहीही सांडून राहिले की पॉलिश उडून पांढुरका डाग पडतो, आणि तो पुसून जात नाही, घासूनच काढावा लागतो. म्हणून स्वयंपाकघराच्या ओट्याला कोटा किंवा कडप्पा न घेता ग्रॅनाइट घ्यावा; तिथे नैसर्गिकपणाचा हट्ट धरण्यात अर्थ नाही, आणि ग्रॅनाइटही काही कारखान्यात होत नाही. जमिनीच्या कोट्याला आरशासारखी चमक आणू नका. घासाई झाल्यावर पॉलिशचा शेवटचा हात राखून ठेवला तर पृष्ठभाग मऊ राहतो आणि समोरच्या खिडकीचे प्रतिबिंब डोळ्यांत टोचत नाही. अंगणात आणि गाडीच्या जागेत मात्र खडबडीत शहाबादीच हवी. पॉलिश केलेल्या दगडावर जुलैत शेवाळ धरले की घसरून पडण्याची हमीच.

जांभ्याबद्दल मला थोडे अधिक बोलावे लागेल, कारण छायाचित्रांनी त्याच्याविषयी फार मोह निर्माण केला आहे. खाणीतून निघताना जांभा मऊ असतो, हवेत राहून कडक होतो, पण सच्छिद्र तो कायमच राहतो. कोकणात जांभ्याच्या भिंती पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या, त्या वर उतरत्या कौलांची लांब वळचण होती आणि खाली उंच जोते होते म्हणून. पागोळ्या भिंतीपासून दोन-तीन फूट दूर पडत असत. तोच दगड आपण सपाट गच्चीच्या, छज्जा नसलेल्या, नैऋत्येकडे तोंड करून उभ्या असलेल्या दुमजली भिंतीला लावला, तर तो सप्टेंबरपर्यंत पाणी पीत राहतो, बाहेरून हिरवाकाळा पडतो आणि आतल्या गिलाव्याचे पोपडे निघतात. वरून चकचकीत वॉर्निश मारणे हा त्यावरचा सर्वांत वाईट इलाज आहे, कारण त्याच्या पापुद्र्यामागे ओल कोंडली जाते. आपल्या घरात जांभा पडवीच्या आतल्या भिंतीला लावावा, जिथे छत त्याला सांभाळेल आणि मावळतीचे तिरपे ऊन त्याच्या खडबडीत अंगावर पडून प्रत्येक चिऱ्याची सावली दिसेल. दरजा, म्हणजे चिऱ्यांमधल्या फटी, चुन्याने आणि किंचित आत दाबून भरायला सांगा. सिमेंटच्या रुंद, वर आलेल्या दरजांनी जांभ्याची भिंत पिंजऱ्यासारखी दिसते. आणि एक हिशेब ठेवा: जांभा उजेड गिळतो. म्हणून तो एकाच भिंतीला, आणि तिच्या समोरची जमीन व छत फिकट.

सागवानाची गोष्ट पैशांच्या दृष्टीने मोठी आहे. बाजारात सीपी या नावाने मिळणारा बल्लारशा-अलापल्लीकडचा साग घ्यावा की आयात केलेला, यावर सुतारांत जेवढी मते तेवढे वाद. माझ्या लेखी लाकूड किती वाळले आहे हा प्रश्न त्याआधीचा आहे. ओलावा मोजायचे छोटे यंत्र मिळते. ते घेऊन वखारीत जा, आणि फळीच्या टोकाला नव्हे तर मधोमध टोचून पाहा. आकडा १२ टक्क्यांच्या आसपास असावा. खाडीच्या हवेत पावसाळ्यात तेच लाकूड १६-१७ टक्क्यांपर्यंत जाते, आणि तेवढ्याने आठ इंच रुंद फळी दीड-दोन मिलिमीटर फुगते. दाराला अशा चार फळ्या जोडलेल्या असतील तर जुलैत दार चौकटीत का अडकते, ते सांगायला नको. माझ्याकडे अनेक वर्षे काम केलेले एक सुतार दार बसवताना चौकटीत जुने एक रुपयाचे नाणे उभे सरकवून पाहत आणि म्हणत, "पावसाची जागा राहिली." त्यांच्याकडून शिकलेली दुसरी गोष्ट म्हणजे दार बसवण्याआधी ते उलटे करून त्याच्या खालच्या कडेला तेल पाजणे. रंगारी समोरची बाजू काचेसारखी करतात आणि वरची-खालची कड कोरीच सोडतात, आणि लाकूड पाणी पिते ते नेमके तिथूनच.

जुन्या वाड्यांतून आणि चाळींतून निघालेला साग मिळाला तर जरूर घ्यावा. तो आणखी वाळायचा राहिलेला नसतो. फक्त खिळे काढून घ्या आणि वाळवीच्या नळ्या आहेत का ते उजेडात फिरवून पाहा. बिजागऱ्या आणि कडी-कोयंडे पितळी किंवा चांगल्या प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे हवेत. खाडीची खारी हवा साध्या लोखंडाला दोन पावसाळ्यांत गंजवते आणि त्या गंजाचे काळे ओघळ सागावर उतरतात.

चुन्याचा गिलावा आपण विचारलेला नाही, पण मी तो सुचवतो आहे, निदान चौकाभोवतीच्या भिंतींसाठी. चुन्याच्या भिंतीवर प्रकाश चमकत नाही, पसरतो. खोलीला जो मऊपणा येतो तो कुठल्याही डब्यातल्या रंगाने येत नाही. चुना क्षारधर्मी असल्याने सुरुवातीची वर्षे बुरशीही सहजासहजी धरत नाही. अडचणी दोन. एक, घोटाई करणारे गवंडी कमी उरले आहेत, म्हणून आधी एकच भिंत करून घ्यावी. दुसरी, चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश आवळतो, त्यामुळे हे काम दिवाळीनंतर सुरू करून मार्चपर्यंत संपवावे; जूनच्या तोंडावर केलेला गिलावा सर्दच राहतो. आणि त्यावर पुढे कधीही प्लॅस्टिक पेंट लावू नये.

विजेच्या दिव्यांचे थोडक्यात. साग, कोटा आणि जांभा यांना २७०० ते ३००० केल्विनचा उबदार प्रकाश लागतो, आणि रंग खरे दाखवण्याचा निर्देशांक ९०च्या वर असलेले दिवे घ्यावेत. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या दिव्याखाली हाच साग राखेसारखा दिसतो. जांभ्याच्या भिंतीवर वरून घासून जाणारा प्रकाश सुंदर दिसेल. चुन्याच्या भिंतीवर तसे करू नका, गवंड्याच्या हाताचा प्रत्येक चढउतार उघडा पडेल.

दगडाची ऑर्डर देण्याआधी एक काम करा. दोन फूट चौरस कोट्याचा तुकडा, रंधा मारून तेल लावलेली सागाची फळी, जांभ्याचा एक चिरा आणि चुना लावलेला एक फळा असे चार नमुने प्लॉटवर घेऊन जा. वर ताडपत्री बांधून पडवीएवढी सावली करा आणि ते चारही एकमेकांशेजारी सकाळी आठला, दुपारी दोनला आणि संध्याकाळी पाचला पाहा. एकदा उन्हात, आणि एकदा भर पावसाळ्यात. मग कोटा थोडा पाण्याने ओला करूनही पाहा, कारण चार महिने तो पडवीच्या कडेला तसाच दिसणार आहे.

राहिली सासूबाईंची तुळस. चौक १० फूट बाय १० फूट धरला आणि त्याच्या दक्षिणेला दोन मजले, म्हणजे सुमारे २१ फूट उंच भिंत आली, तर साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत चौकाच्या जमिनीवर उन्हाचा थेंबही पडणार नाही. तुळशीचे लग्न कार्तिकात, म्हणजे नेमके त्याच काळात. पण चौकाच्या दक्षिणेची खोली एकमजलीच ठेवली, तिचे छत चौकाच्या जमिनीपासून ११ फुटांवर घेतले आणि त्या कडेला भरीव कठडा न बांधता सळ्यांचा लावला, तर हिशेब बदलतो. वृंदावन उत्तरेच्या भिंतीलगत बांधावे, रोप दक्षिणेच्या भिंतीपासून नऊ फुटांवर आणि जमिनीपासून साडेतीन फूट उंच येईल असे. तिथून त्या छताची कड सुमारे ४० अंशांवर दिसते, आणि डिसेंबरात साडेबारा-पाऊणला सूर्य ४७ अंशांवर असतो. अडथळा फक्त दक्षिणेच्या शेजाऱ्यांच्या बंगल्याचा येऊ शकतो. त्यांची गच्ची वृंदावनाच्या जागेवरून किती अंशांवर दिसते, ते कोनमापक आणि ओळंबा घेऊन आधी पाहून घ्या. ती ४५च्या खाली असली तर वर्षातल्या सर्वांत छोट्या दिवशीही तुळशीला दुपारी तासभर ऊन मिळेल.